'नाताळ'ची जन्मपत्रिका

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईचं नाव नोंदवलं की तिला एक कार्ड मिळतं आणि तेव्हापासून नर्सबाई, आशाताई सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो: एएनसी. "या महिन्यात एएनसीला आली होतीस का गं?" या तीन अक्षरांतलं मधलं 'एन' म्हणजे 'नेटल'. अँटिनेटल केअर, म्हणजे जन्माआधीची देखभाल. हे 'नेटल' आणि डिसेंबरात आपल्याला सुट्टी मिळवून देणारा 'नाताळ' हा मुळात एकच शब्द आहे. लॅटिनमधला तो शब्द एकदा इंग्रजीच्या वाटेनं दवाखान्यात पोचला आणि त्याच्या कितीतरी आधी, पोर्तुगीजांच्या जहाजांतून, कोकणच्या किनाऱ्यावर उतरला.

लहानपणी मला 'नाताळ' हा अस्सल मराठी शब्द वाटायचा. इंग्रजीत संडे आणि मराठीत रविवार, तसं इंग्रजीत ख्रिसमस आणि मराठीत नाताळ. शाळेला सुट्ट्या तीनच: दिवाळीची, नाताळची आणि मे महिन्याची. त्यातल्या दोन मराठी असतील तर तिसरीही असणारच. शिवाय शब्दाच्या शेवटी ठसठशीत 'ळ'! ज्या अक्षरावर परक्या माणसाची जीभ अडखळते, ते ज्या शब्दात आहे तो परदेशी कसा असेल? आमच्या वर्गातल्या एका पोरानं तर त्याची फोडही करून ठेवली होती: ना-ताळ, कारण त्या दिवसांत अभ्यासाचं ताळतंत्र सुटतं.

पोराचा तर्क चुकीचा होता, पण पद्धत जुनीच आहे. अनोळखी शब्द ऐकला की माणसं त्यात आपले ओळखीचे तुकडे शोधतात. नाताळच्या बाबतीत गंमत अशी, की ओळखीचा तुकडा त्यात खरोखरच आहे. फक्त तो वेगळ्या ठिकाणी आहे.

जन्मलेला

लॅटिनमध्ये 'नास्की' म्हणजे जन्म घेणं. 'नातुस' म्हणजे जन्मलेला. त्यावरून 'नातालिस', म्हणजे जन्माचा, जन्मासंबंधीचा. 'दिएस नातालिस' म्हणजे जन्मदिवस. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. तिच्यात 'नातालिस'ची शेपटी गळाली आणि उरलं 'नाताल'. ख्रिस्ताचा जन्मदिवस तो नाताल. तोच आपला नाताळ. शब्दाचा अर्थ एवढाच विचारला असता तर लेख इथेच संपला असता.

पण 'नातुस' हा शब्द त्याहून जुन्या लॅटिनमध्ये 'ग्नातुस' असा होता. सुरुवातीचा 'ग' पुढे बोलण्यात झिजला. मात्र शब्दाच्या पोटात तो कुठे कुठे टिकून राहिला. इंग्रजी 'प्रेग्नंट' घ्या. त्यातला 'ग्न' हाच तो: जन्माच्या आधीची अवस्था. हा 'ग' दिसला की युरोपातल्या आणि भारतातल्या भाषांची जुनी सोयरीक डोळ्यांसमोर येते, कारण अशा शब्दांत लॅटिन जिथे 'ग' ठेवते तिथे संस्कृत 'ज' ठेवते. लॅटिन 'गेनुस' म्हणजे कूळ, संस्कृत 'जनस्' म्हणजेही कूळ, वंश. आणि लॅटिन 'ग्नातुस'च्या समोर संस्कृतात उभा आहे 'जात'. जन्मलेला. नवजात मधला जात, जातक मधला जात.

हा केवळ आवाजाचा योगायोग नाही. दोन्ही शब्द एकाच मूळ धातूचे, एकाच प्रत्ययानं बनलेले आहेत. प्रत्येक ध्वनी नियमानं जुळतो. जन्म, जननी, जनक, प्रजा, अनुज, पंकज ही सगळी या घरची माणसं. तिकडच्या वाड्यात राहतात नेशन, नेटिव्ह, नेचर, जनरेशन. फ्रेंच 'रेनेसान्स', म्हणजे पुनर्जन्म, तोही तिथलाच. 'दिएस नातालिस'मधला पहिला शब्द 'दिएस' हासुद्धा आपल्या 'दिवस'चा लांबचा भाऊ. म्हणजे रोममधला माणूस 'दिएस नातालिस' म्हणायचा तेव्हा तो, दोन चुलत घराण्यांच्या पलीकडून, 'जन्मदिवस'च म्हणत होता.

इथे एक सावधगिरी. 'नातू' आणि 'नात' हे शब्द नाताळच्या अगदी जवळचे वाटतात, पण ते या घरचे नव्हेत. ते संस्कृत 'नप्तृ'वरून आले. त्यांचा युरोपातला नातेवाईक 'नेफ्यू'. दिसण्यावरून सोयरीक जुळवायला गेलं की माणसांत होते तशीच शब्दांतही फजिती होते.

वाढदिवस कोणाचा?

रोमन लोकांना 'नातालिस' हा शब्द फार लागायचा. माणसाचा वाढदिवस तर होताच. त्या दिवशी ते आपल्या 'गेनिउस'ची पूजा करत. गेनिउस म्हणजे माणसासोबत जन्मलेलं त्याचं रक्षक दैवत; इंग्रजी 'जीनियस' त्यातूनच आला आणि धातूही तोच, जन्माचा. शिवाय देवळाची प्रतिष्ठापना झाली तो दिवस त्या देवळाचा नातालिस. रोम शहर वसलं असं मानत तो २१ एप्रिल हा शहराचा नातालिस. आपण ज्याला वर्धापनदिन म्हणतो तो अर्थही त्या शब्दात सामावलेला होता. आजही नेदरलँड्समधली विद्यापीठं आपल्या स्थापनादिनाला 'दिएस नातालिस'च म्हणतात.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना मात्र वाढदिवसाचं कौतुक नव्हतं. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा विद्वान ओरिजेन तर वाढदिवसांवर रागावलेलाच दिसतो. त्याचं म्हणणं असं, की धर्मग्रंथात वाढदिवस साजरा करणारी माणसं कोण, तर फारो आणि हेरोद. म्हणजे पापी राजे! संत काही वाढदिवस करत नाहीत.

मग ख्रिस्ती लोक 'नातालिस' कशाला म्हणत? मृत्यूच्या दिवसाला. श्रद्धेसाठी जीव दिलेल्या माणसाचा मृत्यू हा त्याचा स्वर्गातला जन्म, म्हणून तो त्याचा खरा जन्मदिवस. दुसऱ्या शतकात स्मर्ना इथे पॉलिकार्प या वृद्ध बिशपला जाळून मारलं. त्या घटनेच्या वृत्तांतात त्याच्या अनुयायांनी असंच लिहिलंय, की त्याच्या हौतात्म्याचा जन्मदिवस आम्ही दर वर्षी एकत्र जमून पाळू.

हे कुणाला विचित्र वाटेल, मराठी माणसाला वाटू नये. तुकाराम बीज हा तुकोबांच्या जन्माचा दिवस नाही, वैकुंठगमनाचा आहे. आळंदीला कार्तिकात गर्दी लोटते ती ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या सोहळ्याला. संतांचा जाण्याचा दिवस हाच मोठा सण असतो हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कॅथलिक परंपरेत हा नियम आजही बऱ्यापैकी पाळला जातो. संताचा सण शक्यतो त्याच्या मृत्युदिनी येतो. अपवाद तिघांचा, ज्यांचा पृथ्वीवरचा जन्मही सण म्हणून पाळतात: येशू, त्याची आई मारिया आणि त्याला बाप्तिस्मा देणारा योहान. हे तिन्ही जन्मदिवस आपल्या किनाऱ्याला चांगलेच माहीत आहेत. योहानाचा जन्मदिवस २४ जूनला, म्हणजे गोव्यातला सांजांव. पानाफुलांचे मुकुट घालून पोरं विहिरीत उड्या मारतात तो. मारियेचा ८ सप्टेंबरला, म्हणजे मोंती फेस्त. वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा त्याच दिवसाच्या आगेमागे भरते. आणि तिसरा २५ डिसेंबरला. तिन्ही जन्मदिवसच, पण 'जन्माचा' हे विशेषण कायमचं चिकटलं ते तिसऱ्याला. त्यापुढे कुणाचा जन्म हे सांगायची गरजच उरली नाही. आपल्याकडे 'अष्टमी' म्हटलं की गोकुळ आठवतं आणि नुसतं 'बाप्पा' म्हटलं की गणपती, तसंच.

२५ डिसेंबरच का?

येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला हे बायबलमध्ये कुठेही नाही. महिनाही नाही. मग तारीख आली कुठून, यावर दर डिसेंबरात व्हॉट्सॲपवर एक ठाम उत्तर फिरतं: सूर्याचा सण होता, ख्रिस्ती लोकांनी तो पळवला. उत्तर एवढं सरळ नाही.

मुख्य पुरावा म्हणजे रोममध्ये इसवी सन ३५४ साली एका श्रीमंत गृहस्थासाठी तयार केलेलं पंचांगवजा हस्तलिखित. त्यातल्या नागरी दिनदर्शिकेत २५ डिसेंबरपुढे लिहिलंय, 'अजिंक्याचा नातालिस', आणि त्या दिवशी रथांच्या तीस शर्यती. अजिंक्य म्हणजे बहुधा अजिंक्य सूर्य, ज्याचं मोठं देऊळ सम्राट ऑरेलियननं २७४ साली उभारलं होतं. आणि त्याच हस्तलिखितात, हुतात्म्यांच्या यादीच्या सुरुवातीला, त्याच तारखेला नोंद आहे, की ख्रिस्त यहूदियातल्या बेथलेहेमात जन्मला. ही यादी ३३६ च्या सुमाराची असावी असं अभ्यासक मानतात.

म्हणजे सूर्याचा जन्मदिवस आणि ख्रिस्ताचा जन्मदिवस एकाच जुडग्यात, एकाच तारखेला सापडतात. एका गटाचं म्हणणं, सूर्याचा सण आधीचा आणि चर्चनं तो दिवस आपलासा केला. दुसरा गट वेगळा हिशेब मांडतो. काही जुने ख्रिस्ती लेखक येशूच्या मृत्यूची तारीख २५ मार्च धरत, आणि थोर माणूस ज्या तारखेला गेला त्याच तारखेला आईच्या पोटात आला अशी एक समजूत होती. २५ मार्चला गर्भधारणा, तर नऊ महिन्यांनी येतो २५ डिसेंबर. चर्च आजही २५ मार्चला देवदूताच्या निरोपाचा सण पाळतं. मला स्वतःला दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं वाटत नाही. जुन्या रोमन गणितात २५ डिसेंबर हा सर्वात लहान दिवस, तिथून उजेड वाढायला लागतो. अशा दिवसावर दोघांनी हक्क सांगितला तर नवल काय?

आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं हे, की त्या पानावरचा शब्द 'नातालिस' आहे. सूर्याचा असो की ख्रिस्ताचा, त्या दिवसाला रोममध्ये जन्मदिवस म्हणायची सवय जिभेला लागलेली होती.

एका शब्दाची अनेक लेकरं

रोमन साम्राज्य फुटलं, लॅटिनच्या बोली झाल्या, आणि 'नातालिस' प्रत्येकीत वेगळा झिजला. इटालियनमध्ये 'नाताले', कॅटलानमध्ये 'नादाल'. लॅटिनच्या बोली नसलेल्या शेजारणींनीही तो उसना घेतला: वेल्शमध्ये 'नादोलिग', आयरिशमध्ये 'नोल्लग'. लॅटिनच्या लेकींपैकी सर्वात जास्त झिजला फ्रेंचमध्ये: मधला 'त' गळाला, 'नाएल' झाला, मग 'नोएल'. त गळणं आपल्याला नवं नाही. संस्कृत 'माता'मधला त प्राकृतात गळाला आणि 'माय' झाली. 'भ्राता'चा 'भाऊ' झाला. नोएल आणि नाताळ हे 'माय' आणि 'माता' यांच्यासारखे: एक झिजून गोटा झालेला, एक मूळ आकार राखलेला.

उत्तरेकडच्या थंड देशांची गोष्ट निराळी. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये या सणाला 'यूल' म्हणतात आणि इंग्रजीतही तो जुना शब्द जिवंत आहे. यूलचा जन्माशी काही संबंध नाही. तो ख्रिस्ती धर्म तिथे पोचण्याआधीचा, ऐन हिवाळ्यातल्या सणाचा शब्द. इसवी सन ७२५ मध्ये बीड नावाच्या इंग्लिश साधूनं कालगणनेवर ग्रंथ लिहिला, त्यात तो सांगतो की इंग्लिश लोक डिसेंबर आणि जानेवारी या दोन्ही महिन्यांना 'गिउली' म्हणत. तोच हा यूल. नॉर्वेच्या राजांच्या सागांमध्ये, म्हणजे जुन्या वीरकथांमध्ये, असं येतं, की दहाव्या शतकातला राजा हाकोन यानं यूलचा सण ख्रिस्ती लोकांच्या दिवशी पाळायचा हुकूम काढला. नाव राहिलं, देव बदलला.

आणि 'ख्रिसमस'? त्यात जन्म नाही, ऋतूही नाही. तो जुन्या इंग्रजीत अकराव्या शतकापासून सापडतो आणि त्याचा अर्थ ख्रिस्ताची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना. वसईच्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाला 'मिस्सा' म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही, कारण तो रविवारी मिस्सालाच जातो. इंग्रजी 'मास' आणि वसईची 'मिस्सा' हेही एकच. हिंदी-बंगालीत 'बडा दिन', 'बोडोदिन'. अरबीत 'ईद-अल-मिलाद'. पैगंबरांच्या जयंतीला आपल्याकडे 'ईद-ए-मिलाद' म्हणतात, त्यातला मिलाद हाच. मिलाद म्हणजे जन्म, आणि त्याच अरबी धातूवरून 'औलाद' आला, 'वालिद' आला, आणि जुन्या महसुली कागदांत दोन नावांच्या मध्ये असणारा 'वल्द'ही आला.

किनाऱ्यावर

२५ डिसेंबर १४९७ ला वास्को द गामाची जहाजं आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळून चालली होती. सणाचा दिवस म्हणून त्यानं त्या किनाऱ्याला नाव दिलं 'नाताल'. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो कालिकतला पोचला. आफ्रिकेतलं ते नाव टिकलं. गांधीजींनी १८९४ मध्ये जी संघटना स्थापन केली ती नाताळ इंडियन काँग्रेस, आणि १८९३ मध्ये ज्या पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर त्यांना गाडीतून खाली उतरवलं तेही नाताळातच. शाळेत हा धडा वाचताना मला वाटायचं, हे सगळं सुट्टीत घडलं. (घडलं जूनमध्ये.) ब्राझीलमध्येही नाताल नावाचं शहर आहे, २५ डिसेंबर १५९९ ला वसवलेलं.

पोर्तुगीज जिथे जिथे टेकले तिथे तिथे हा शब्द मागे राहिला. श्रीलंकेत सिंहलीमध्ये 'नत्तल', इंडोनेशियात 'नाताल', गुजरातीत 'नाताल', कोकणी आणि मराठीत 'नाताळ'. इंडोनेशियाचं उदाहरण आपल्याशी जुळतं. तिथे पोर्तुगीजांनंतर डच आले आणि शेकडो वर्षं राहिले. डच लोक सणाला म्हणतात 'केर्स्तमिस'. पण इंडोनेशियन माणूस आजही शुभेच्छा देतो त्या 'सलामत नाताल' अशा.

आपल्याकडेही हेच झालं. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेला. गुजरातच्या बहादूरशहानं वसई त्यांना दिली तो तह झाला २३ डिसेंबर १५३४ ला, म्हणजे नाताळच्या ऐन तोंडावर. मुंबई, साष्टी, चौल, दमण असा किनारा त्यांच्या हाती राहिला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सैन्य गेलं, पण ख्रिस्ती झालेली कुटुंबं, त्यांच्या वाड्या, त्यांची देवळं आणि त्यांचे शब्द तिथेच राहिले. पुढे इंग्रज 'ख्रिसमस' घेऊन आले तोवर जागा भरलेली होती.

शब्दाच्या अंगावर तो कोणाकडून आला याचा शिक्का असतो. पाव, बटाटा, कोबी, चावी, फीत, घमेलं, पगार, लिलाव यांच्यावर जो शिक्का आहे तोच नाताळवर. म्हणून अहिल्यानगरकडच्या प्रोटेस्टंट घरांत, जिथे धर्म अमेरिकन मिशनऱ्यांकडून आला, तिथेही सणाचं मराठी नाव मात्र कॅथलिक पोर्तुगीजांचंच: नाताळ.

आता तो 'ळ'. लिस्बनकडचा पोर्तुगीज माणूस शब्दाच्या शेवटचा 'ल' जिभेचा मागचा भाग उचलून जाड करतो. (ब्राझीलचा माणूस तर तो गिळूनच टाकतो आणि 'नाताउ' म्हणतो.) त्या जाड 'ल'ला कोकणी-मराठी कानानं 'ळ' मानणं स्वाभाविक होतं. त्यात मराठीचा स्वतःचाही कल आहेच: फल आपण फळ केलं, कमल कमळ केलं, काल काळ केला. आणि माझा आपला एक तर्क असा, की या शब्दाला मराठीत बसायला जागा आयती सापडली. सकाळ, संध्याकाळ, सुकाळ, दुष्काळ, उन्हाळा, हिवाळा, पावसाळा. वेळ आणि ऋतू सांगणाऱ्या इतक्या शब्दांच्या शेवटी 'आळ' ऐकू येतो की त्यांच्या रांगेत 'नाताळ' येऊन उभा राहिला तेव्हा कुणाला तो उपरा वाटलाच नसेल. आपण 'नाताळात ये' म्हणतो ते 'उन्हाळ्यात ये' म्हणावं तसंच.

म्हणूनच मराठीत नाताळ हा एक दिवस नसून एक मोसम आहे. कोकणी तर त्याचं अनेकवचनच करते, 'नाताळां'. आणि पाहा, 'ख्रिसमस' मराठीत आला तो दुकानांतून: ख्रिसमस ट्री, ख्रिसमस केक, ख्रिसमस सेल. सुट्टी मात्र नाताळची, गाणी नाताळची आणि लाल टोपीवाला म्हाताराही पोरांच्या गोष्टींत नाताळबाबा.

ताट

हा मोसम गोव्यात ज्या शब्दांनी भरलेला आहे तेही असेच दुपेडी आहेत. घरावर टांगलेली कागदी चांदणी म्हणजे 'नखेत्र', आपलं नक्षत्र. मध्यरात्रीची मिस्सा ती पोर्तुगीजमध्ये 'कोंबड्याची मिस्सा', कारण ती संपेपर्यंत कोंबडं आरवायची वेळ होते असं गमतीनं म्हणतात. शेजाऱ्यांकडे जे गोडाचं ताट जातं ते 'कोंसुआद'. मंगळूरकडे त्यालाच 'कुस्वार' म्हणतात. मूळ पोर्तुगीज 'कोन्सोआदा' म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं घरच्यांचं जेवण. ते समुद्र ओलांडून आलं आणि इथे आल्यावर घराबाहेर पडून शेजाऱ्यांचं झालं. फराळाची ताटं फिरवायची सवय असलेल्या मुलखात दुसरं काय होणार! ताटात काय असतं? बेबिंका, दोदोल, कुलकुल, आणि नेवऱ्या. नेवरी म्हणजे आपली करंजी. हिंदू घरातून दिवाळीला गेलेली नेवरी दीड-दोन महिन्यांनी ख्रिस्ती घरातून परत येते.

हे चालतं ६ जानेवारीपर्यंत. तो तीन राजांचा सण. बायबलमध्ये ते राजे नाहीत, तीन आहेत असंही म्हटलेलं नाही; पूर्वेकडून ताऱ्याच्या मागोमाग आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, एवढंच. भेटवस्तू तीन म्हणून माणसं तीन झाली आणि पुढे त्यांना मुकुट चढले. गोव्यात चांदर, कासावली आणि मांडवीच्या मुखाशी असलेल्या रेइश मागुश या गावांत त्या दिवशी तीन मुलगे राजांचा पोशाख करून मिरवणुकीनं चर्चला जातात. रेइश मागुश हे गावाचं नावच मुळी त्या तीन राजांवरून पडलं. 'मागुश' म्हणजे मागी. आणि 'रेइश' हा लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये आलेला शब्द. 'नातुस' आणि 'जात' जसे एकाच घरचे, तसे 'रेइश' आणि आपले 'राजे'. मिरवणूक संपली की घराघरांत येशूजन्माच्या देखाव्यासाठी मांडलेले गोठे आवरायला घेतात.